प्रोसेसर १२७ डिग्री? थांबा, आधी तो आकडा आला कुठून ते बघू

कॉम्प्युटरचं तापमान आणि स्पीड दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जे आकडे दिसतात ते सगळे मोजलेले नसतात, हे आधीच सांगून टाकतो. काही आकडे खरंच चिपच्या आतल्या सेन्सरवरून येतात, काही दुसऱ्या दोन आकड्यांचा गुणाकार करून काढलेले असतात, आणि काही तर अशा पिनवरून वाचलेले असतात जिला काहीच जोडलेलं नाही. पण स्क्रीनवर सगळे एकाच रांगेत, एकसारख्या अक्षरात दिसतात, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं सगळेच तितकेच खरे. मग एप्रिल-मे आला, पुण्यात पारा चाळिशीला टेकला की लोक असलं एखादं सॉफ्टवेअर टाकून बघतात, एक आकडा भयंकर दिसतो आणि धाबं दणाणतं. कोणी प्रोसेसरचा नवा कूलर घेतं, कोणी विंडोज फॉरमॅट मारतं, कोणी चांगला चालणारा लॅपटॉप मिळेल त्या किमतीला काढून टाकतं. लोकांचे हे पैसे वाचावेत असं मला मनापासून वाटतं, आणि खरंच गडबड असेल तर ती वेळेत कळावी असंही वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, कर्वेनगरला रूम घेऊन राहतो, असेंबल केलेला पीसी आहे त्याच्याकडे. त्यानं रात्री स्क्रीनशॉट पाठवला, "मामा, हे बघ ना, १२७ डिग्री दाखवतंय, बंद करू का लगेच?" स्क्रीनशॉट एचडब्ल्यूमॉनिटर नावाच्या असल्याच एका सॉफ्टवेअरचा. सगळ्यात वर मदरबोर्डच्या नावाखाली पाच-सहा तापमानं, त्यातलं एक ३४, एक ४१, एक १२७, आणि एक चक्क उणे ५५. खाली प्रोसेसरच्या नावाखाली पॅकेज, म्हणजे अख्ख्या प्रोसेसरचा आकडा, ४६. त्याला म्हटलं एखादा गेम चालू कर, दहा मिनिटं खेळ आणि परत फोटो पाठव. दुसऱ्या फोटोत पॅकेज ७१ झालं होतं, ३४ चं ३७ झालं होतं, पण १२७ होतं तिथंच आणि उणे ५५ पण होतं तिथंच. खरं तापमान असं कधी वागत नाही, ते कामाबरोबर हलतं. जो आकडा हलतच नाही तो तापमान नाही.

हे होतं कसं, तर मदरबोर्डवर एक छोटी चिप असते, सुपर आयओ म्हणतात तिला, बहुतेक वेळा नुवोटॉन किंवा आयटीई कंपनीची. फॅनचा वेग, व्होल्टेज आणि बोर्डावरची तापमानं ही चिप वाचते. तिला तापमानासाठी अनेक इनपुट दिलेले असतात, पण बोर्ड बनवणारी कंपनी प्रत्येक इनपुटला सेन्सर जोडेलच असं नाही, काही मोकळेच सोडते. सॉफ्टवेअरला हे माहीत नसतं, ते बिचारं सगळे इनपुट वाचतं आणि छापून मोकळं होतं. मोकळ्या इनपुटवर जे काही येईल ते, म्हणून १२७. आणि १२७ च का, तर आठ बिटांत अधिक-उणे धरून जो सगळ्यात मोठा आकडा बसतो तो १२७ आहे, म्हणजे मापन पार टोकाला जाऊन अडकलंय, एवढाच त्याचा अर्थ. उणे ५५ पण त्याच जातीतलं. टीएमपीआयएन, ऑक्सटीआयएन अशा नावांचे आकडे विचित्र दिसले की आधी हाच संशय घ्यायचा.

लॅपटॉपवर आणि लिनक्सवर याचा एक भाऊबंद भेटतो, एसीपीआय थर्मल झोन. हा आकडा बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, सांगतं, आणि बऱ्याच मशीनमध्ये बायॉस लिहिणाऱ्यानं तिथं एक ठरावीक किंमत टाकून ठेवलेली असते. त्यामुळे सकाळी बघा, दुपारी बघा, व्हिडिओ रेंडर करताना बघा, २७.८ म्हणजे २७.८. अशी दशांशातली किंमत येते कारण एसीपीआयमध्ये तापमान केल्विनच्या दहाव्या भागात सांगायचं असतं आणि सॉफ्टवेअर त्याचं सेल्सिअस करतं. आकडा अगदी निवांत वाटतो म्हणून लोक यावर विश्वास ठेवतात, आणि हे मला १२७ पेक्षा जास्त धोक्याचं वाटतं, कारण १२७ बघून माणूस निदान चौकशी तरी करतो.

आता प्रोसेसरच्या आतल्या खऱ्या सेन्सरकडे येऊ, कारण तिथंही एक गोम आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरमध्ये, म्हणजे काम करणाऱ्या प्रत्येक भागात, डिजिटल सेन्सर असतो, पण तो "मी आत्ता ६० डिग्री आहे" असं सांगत नाही. तो सांगतो "मी कमाल मर्यादेपासून ४० डिग्री लांब आहे." ही कमाल मर्यादा म्हणजे टीजेमॅक्स, आय७-१२७०० सारख्या प्रोसेसरला ती १०० आहे. सॉफ्टवेअर १०० मधून ४० वजा करतं आणि तुम्हाला ६० दाखवतं. म्हणजे टीजेमॅक्सच चुकीचा धरला तर सगळे आकडे तेवढ्यानं चुकणार. इंटेलच्या जुन्या कोअर टू प्रोसेसरच्या काळात ही मर्यादा चिपमधून वाचता यायची नाही, सॉफ्टवेअरवाले अंदाज बांधायचे, आणि एकाच मशीनवर दोन सॉफ्टवेअर दहा-पंधरा डिग्रीचा फरक दाखवायची. २००८ मध्ये नेहालेम नावाची पिढी आली तेव्हापासून ही मर्यादा प्रोसेसर स्वतःच सांगतो, त्यामुळे हा घोळ बराच मिटला. जुना पीसी कोणी अजून वापरत असेल तर मात्र हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट, हा सेन्सर मर्यादेच्या जवळ अचूक असावा अशा हिशोबानं बनवलाय, कारण त्याचं मुख्य काम प्रोसेसरला जळण्यापासून वाचवणं आहे. खाली थंड बाजूला तो तितका भरवशाचा नसतो. म्हणून पीसी नुसता चालू आहे, काही काम नाही, तेव्हा एक कोअर ३३ आणि शेजारचा ३९ दाखवत असेल तर त्याचा विचार करण्यात अर्थ नाही. आणि मे महिन्यात दुपारी खोलीत ३५ डिग्री असताना एखादा कोअर २८ दाखवत असेल तर तो आकडा सरळ सोडून द्या, कारण पंखा किंवा साधा लिक्विड कूलर कुठलीही वस्तू खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही.

एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीची गोष्ट वेगळी. २०१७ मध्ये त्यांचे पहिले रायझन प्रोसेसर आले, त्यातल्या १७००एक्स आणि १८००एक्स या मॉडेल्सवर तापमान मुद्दाम २० डिग्री वाढवून सांगितलं जायचं. सगळ्या मॉडेल्सना फॅनचं एकच वेळापत्रक चालावं म्हणून कंपनीनं तसं ठेवलं होतं. त्यामुळे खरं ५५ असेल तरी आकडा ७५ यायचा, आणि लोक कूलर बदलत बसायचे. पुढे २७००एक्सला हाच फरक १० डिग्री होता. म्हणून एएमडीवर टीसीटीएल आणि टीडाय अशी दोन नावं दिसतात, टीसीटीएल म्हणजे फॅनला सांगण्यासाठीचा आकडा आणि टीडाय म्हणजे चिपचा. नंतरच्या बहुतेक मॉडेल्सवर दोन्ही सारखेच येतात, पण सेकंडहँड पहिलं रायझन कोणी स्वस्तात घेतलं असेल तर आधी कुठला आकडा बघताय ते तपासा.

एकाच प्रोसेसरची चार-पाच तापमानं का दिसतात, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसचं उदाहरण घ्या, हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं म्हणून चौकाला ते नाव पडलं. तिथला थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून ठरावीक उंचीवर असतो. पेपरात ३८ छापून येतं ते अशा ठिकाणचं. त्याच दुपारी लोहगावचा आकडा वेगळा असतो, आणि जंगली महाराज रोडच्या डांबरावर थर्मामीटर ठेवला तर तो पार वेगळंच काही सांगेल, आणि यातला एकही खोटं बोलत नसतो. प्रोसेसरमध्ये पण तसंच आहे, कोअरचं तापमान म्हणजे त्या एका जागेचं, पॅकेज म्हणजे आतल्या सगळ्यात तापलेल्या जागेच्या जवळपासचं, आणि मदरबोर्डच्या नावाखाली नुसतं सीपीयू लिहिलेलं जे असतं ते पुष्कळदा सॉकेटच्या बाजूला बसवलेल्या सेन्सरचं, ते दहा-पंधरा डिग्री कमी असू शकतं आणि उशिरा हलतं. प्रोसेसरच्या तब्येतीचा विचार करायचा तर पॅकेज आणि कोअर हेच बघायचं.

आता स्पीड. मला विचाराल तर तापमानापेक्षा स्पीडचे आकडे जास्त फसवतात.

प्रोसेसरचा स्पीड थेट मोजलेला नसतो. बोर्डवर १०० मेगाहर्ट्झचं एक मूळ घड्याळ असतं आणि प्रत्येक कोअरचा एक गुणक असतो. गुणक ४६ असेल तर ४६ गुणिले १०० म्हणजे ४६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४.६ गिगाहर्ट्झ. सॉफ्टवेअर गुणक वाचतं, मूळ घड्याळ किती चाललंय ते अंदाजानं मोजतं, आणि गुणाकार दाखवतं. ९९.८ दिसलं तर घाबरू नका, रेडिओ लहरींचा त्रास कमी व्हावा म्हणून बोर्ड हे घड्याळ मुद्दाम किंचित डळमळत ठेवतात. पण कधी लॅपटॉप स्लीपमधून उठतो आणि त्या क्षणी सॉफ्टवेअरचं वेळेचं मोजमाप गंडतं, मूळ घड्याळ १०० च्या जागी १७५ निघतं, आणि मॅक्सिमम कॉलममध्ये ८ गिगाहर्ट्झ छापून येतं. जगातले नऊ गिगाहर्ट्झच्या वरचे विक्रम द्रवरूप हेलियम ओतून झालेत, तुमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधला लॅपटॉप ८ ला गेलेला नाही. मॅक्सिमम कॉलममध्ये एकदाच आलेला आकडा पुसा, रीसेट मारा, परत येतो का बघा.

याच्या उलट तक्रार जास्त येते, "मी काहीच करत नाहीये, वापर २ टक्के आहे, तरी सगळे कोअर ४.६ वर का?" इथं एक गोष्ट समजून घ्यायला लागते. आजचे प्रोसेसर काम नसलं की नुसते हळू होत नाहीत, झोपतात. कोअर एका सेकंदात कित्येकदा झोपतो, उठतो, पूर्ण वेगानं काम उरकतो आणि परत झोपतो. सॉफ्टवेअर जेव्हा विचारायला जातं तेव्हा विचारण्यासाठीच त्याला कोअरला उठवावं लागतं, आणि उठलेला कोअर सांगतो, मी ४.६ वर आहे. खरं आहे ते, पण त्या क्षणापुरतंच. म्हणून एचडब्ल्यूइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये इफेक्टिव्ह क्लॉक नावाची वेगळी ओळ असते, ती झोपेचा वेळ धरून सरासरी काढते, आणि त्याच कोअरच्या नावापुढे तिथं ५०-६० मेगाहर्ट्झ दिसतं. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण कोअर खरंच किती राबतोय हे विचारायचं असेल तर इफेक्टिव्ह क्लॉकच बघायचा. २०१९ मध्ये रायझन ३००० आले तेव्हा याच कारणानं मोठा गोंधळ झाला होता, लोकांना वाटलं प्रोसेसर रिकामा असूनही व्होल्टेज आणि स्पीड वरच राहतोय, आणि एएमडीला सांगावं लागलं की काही मॉनिटरिंग सॉफ्टवेअर इतक्या भरभर विचारतायत की प्रोसेसर झोपूच शकत नाही. तेव्हा विचारण्याचं अंतर दोन सेकंद किंवा जास्त ठेवा, आणि अशी दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी चालवू नका, दोघं एकाच चिपला एकदम विचारायला गेली तर मधूनच भलते आकडे येतात.

टास्क मॅनेजरबद्दल थोडक्यात. तो सगळ्या कोअरचा मिळून एकच स्पीड दाखवतो, आणि विंडोज १० मध्ये, तसंच विंडोज ११ च्या २०२५ आधीच्या आवृत्त्यांत, वापराची टक्केवारी काढताना टर्बो स्पीड (मूळ स्पीडच्या वर थोडा वेळ मारलेली उडी) पण हिशोबात घेतो, त्यामुळे तो १०० टक्के म्हणतोय आणि दुसरं सॉफ्टवेअर ७० म्हणतंय असं होतं. दोघांची व्याख्या वेगळी आहे, मशीन बिघडलेलं नाही. आणि इंटेलच्या बाराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१ च्या शेवटापासून, बऱ्याच मॉडेल्समध्ये मोठे आणि छोटे असे दोन जातीचे कोअर येतात, त्यातले छोटे कमीच स्पीडला चालणार.

खरा काळजीचा आकडा म्हणजे स्पीड खूप खाली अडकणं. शेजारच्या काकू ऑनलाइन शिकवण्या घेतात, त्यांचा लॅपटॉप इतका हळू झाला होता की मुलांना आवाज तुटक जायचा. दुकानदारानं सांगितलं होतं गरम होतोय, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट बदला. एचडब्ल्यूइन्फो उघडून बघितलं तर तापमान ४३, आणि स्पीड ०.३९ गिगाहर्ट्झ. किती पण काम द्या, ०.३९ च्या वर जाईचना. आता हे नीट बघा, कारण इथंच दोन आकडे एकत्र वाचायचा फायदा कळतो. स्पीड कमी आणि तापमान जास्त असतं तर गरम झालाय म्हणता आलं असतं. स्पीड कमी आणि तापमान पण कमी, म्हणजे कोणीतरी बाहेरून ब्रेक दाबून ठेवलाय. प्रोसेसरला एक सिग्नल असतो, प्रॉचॉट, बोर्डवरचा दुसरा कुठलाही भाग तो ओढून प्रोसेसरला सांगू शकतो की स्पीड कमी कर. सगळ्यात जास्त वेळा कारण निघतं चार्जर, मूळ चार्जर हरवला म्हणून स्वस्तातला घेतलेला असतो, लॅपटॉपला तो ओळखू येत नाही किंवा तो कमी वॅटचा असतो, आणि जपून चालायचं म्हणून लॅपटॉप सगळं खाली आणतो. मी म्हटलं, "काकू, चार्जर काढा जरा." काढला, आणि अर्ध्या मिनिटात स्पीड २.८ वर. पेस्टचा खर्च वाचला, चार्जर मात्र योग्य वॅटचा घ्यावा लागला. चार्जर काढूनही स्पीड तसाच राहिला तर बॅटरी किंवा बोर्डवरचा एखादा सेन्सर बघायला लागतो. थ्रॉटलस्टॉप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा सिग्नल बंद करायची सोय आहे, पण कारण माहीत नसताना ती वापरू नका, कारण बोर्डचा वीज पुरवणारा भाग खरंच तापलेला असेल तर तो सिग्नल तुमच्या भल्यासाठीच आहे.

स्पीड कमी दिसण्याचं अजून एक कारण म्हणजे वॅटची मर्यादा, आणि हा बिघाड नाही. आय५-१२३५यू घ्या, पातळ लॅपटॉपमध्ये असतो. त्याची मूळ पॉवर १५ वॅट, पण थोडा वेळ तो ५५ वॅटपर्यंत जाऊ शकतो. म्हणून एखादा मोठा प्रोजेक्ट बिल्ड करायला घेतला की सुरुवातीला स्पीड चार गिगाहर्ट्झच्या वर जातो, आणि अर्धा-एक मिनिटात दोनच्या आसपास येऊन बसतो. हिंजवडीत काम करणारा एक मित्र हेच बघून लॅपटॉप बदलून मागणार होता. पॅकेज पॉवरची, म्हणजे प्रोसेसर किती वॅट घेतोय त्याची, ओळ बघितली तर सुरुवातीला पन्नासच्या जवळ, नंतर १५, तापमान नंतर ६८. म्हणजे त्याला कंपनीनं आखून दिलेली रेघ पाळतोय तो. डेस्कटॉपचा आय७-१२७०० पण ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, आणि टर्बोमध्ये १८० वॅटपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा बॉक्सवर ६५ वाचून लहान कूलर लावला तर उन्हाळ्यात तो पुरा पडत नाही.

९५ किंवा १०० दिसणं वाईटच का? नेहमी नाही. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० बद्दल एएमडीनंच सांगितलंय की भरपूर काम असताना ९५ ला चालणं हे ठरवूनच केलंय, तापमान ९५ ला पोचेपर्यंत तो स्पीड वाढवत राहतो. आणि सगळ्यांची मर्यादा एक नाही, ७८००एक्स३डी ला ८९ आहे, ५८००एक्स ला ९०. तेव्हा आपलं मॉडेल आणि त्याची मर्यादा माहीत नसताना नुसत्या आकड्याला चांगलं-वाईट म्हणता येत नाही. मी एक साधी कसोटी वापरतो, मर्यादेला टेकलेला असताना स्पीड मूळ स्पीडच्या वर आहे की खाली? आय७-१२७०० चा मूळ स्पीड २.१ आहे. १०० डिग्रीला ४.३ वर चालत असेल तर तो ओढून काम करतोय, गरम आहे, कूलर अजून चांगला असता तर बरं, पण धोका नाही. १०० डिग्रीला १.६ वर आला असेल तर उष्णता बाहेर जातच नाहीये, तिथं उठायला लागतं.

आणि उष्णता कुठं अडकली आहे हे तापमानाच्या आलेखाच्या आकारावरून कळतं, मला या सगळ्यातली ही सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते. सिलिकॉनचा तुकडा नखाएवढा, त्यात उष्णता साठवायला जागाच नाही, म्हणून तो क्षणात तापतो आणि क्षणात निवतो. कूलरचं तांबं-अॅल्युमिनियम जड, त्याला मिनिटं लागतात. आता जोरदार काम सुरू करा आणि बघा. दोन सेकंदात ४० वरून थेट १०० झाले तर उष्णता चिपमधून कूलरमध्ये शिरतच नाहीये. कूलरच्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांतली एक नीट बसलेली नाही, पेस्ट सुकून पापड झालीये, किंवा नवीन कूलरच्या खालचं पातळ प्लॅस्टिक काढायचं राहिलंय, यातलं काहीतरी. खात्री करायची तर कूलरच्या बाजूनं येणाऱ्या हवेपुढे तळहात धरा. सॉफ्टवेअर १०० म्हणतंय आणि हवा गार लागतेय, तर चिप आणि कूलरमधला सांधा खराब आहे. उलट तापमान आधी ७० ला थांबलं, आणि मग दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू ८०, ८८, ९४ असं चढत गेलं, आणि हवा चांगली गरम लागतेय, तर सांधा उत्तम आहे, हवा खेळत नाहीये. पीसीच्या डब्याच्या जाळीवर धूळ, फॅन उलटा बसवलेला, किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात अख्खा पीसी कोंबून ठेवलेला. दोन्हीकडे शेवटचा आकडा जवळपास सारखाच, पण उपाय पूर्ण वेगळे, आणि नुसत्या स्क्रीनशॉटवरून हे कोणालाच सांगता येणार नाही.

काम थांबवल्यावर आकडा एका सेकंदात तीस डिग्रीनं पडला तर तो सेन्सरचा बिघाड नाही, सिलिकॉन असंच निवतं. तसंच रिकाम्या पीसीवर ३८ वरून एकदम ६२ आणि परत ४०, हे पण नेहमीचं, ब्राउझरचा एक टॅब उघडला की एकच कोअर पूर्ण व्होल्टेजवर उठतो आणि तेवढ्या कणभर जागेत सगळी उष्णता येते. त्यामुळे फॅन सारखा घुंई-घुंई करत असेल तर बायॉसमध्ये फॅनला तीन-चार सेकंद उशिरा प्रतिसाद द्यायला सांगा, शांतता होईल.

पुण्यापुरतं एक सांगतो. जानेवारीत पहाटे खोलीत १८ असतं, मे महिन्यात दुपारी ३६. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा अमुक इतक्या डिग्रीनं वर ठेवतो, त्यामुळे खोली १८ नं तापली की प्रोसेसर पण साधारण तेवढ्यानंच तापणार, काही बिघडलेलं नसताना. जानेवारीत ७२ यायचा तो मे मध्ये ९० आला तर हिशोब बरोबर आहे. म्हणून आकडा लिहून ठेवताना खोलीचं तापमान पण लिहा आणि दोन्हींचा फरक बघा. फरक ५४ होता तो ५४ च राहिला तर काही करू नका. फरक ५४ चा ७० झाला तर बहुतेक धूळ. आणि धुळीचं काय सांगायचं, मेट्रो, रस्ते, शेजारच्या बिल्डिंगचं काम, बाल्कनीचं दार उघडं ठेवलं की संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, हवेनं भणाणून फिरलं तर बेअरिंग खराब होतं. लॅपटॉप उन्हाळ्यापुरता गार ठेवायचा असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा, टर्बो बंद होतो, तापमान चांगलंच उतरतं, आणि मेल, एक्सेल, व्हिडिओ कॉलला फरक फारसा कळत नाही. काही लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो.

कोणाला विचारायचं असेल तर एका क्षणाचा फोटो पाठवू नका. एचडब्ल्यूइन्फोमध्ये लॉगिंग चालू करून वीस मिनिटांची फाइल काढा, पहिली पाच मिनिटं रिकामं, मग दहा मिनिटं जोरदार काम, मग पाच मिनिटं रिकामं. त्यात पॅकेज तापमान, इफेक्टिव्ह क्लॉक, पॅकेज पॉवर आणि वापराची टक्केवारी एवढं असलं की पुरे, बरोबर मॉडेलचं नाव, खोलीचं तापमान, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर मूळचा आहे का ते सांगा. ही फाइल हातात असली की बुधवार पेठेतल्या दुकानात पण बोलणं सरळ होतं, अंदाजानं पार्ट बदलून बघायची वेळ येत नाही.

एक आकडा मात्र असा आहे की तो दिसला तर लॉग वगैरे काढत बसू नका. काम चालू आहे, तापमान मर्यादेकडे चाललंय, आणि सीपीयू फॅनच्या किंवा लिक्विड कूलरच्या पंपाच्या ओळीत शून्य आरपीएम. कधी कधी पंपाची वायर दुसऱ्या कनेक्टरला किंवा थेट सप्लायला जोडलेली असते आणि म्हणून शून्य दिसतं, ते पीसीचा डबा उघडून किंवा पंपावर हलकेच बोट टेकवून थरथर जाणवते का ते बघून कळतं. फॅन फिरत नसेल किंवा पंपाला थरथर नसेल तर काम सेव्ह करा आणि मशीन बंद करा, तो बदलेपर्यंत चालू करू नका.